जोडीचं पीस

शिंपीकाकांनी उशी उसवायला घेतली, तेव्हा त्यांची थोरली बहीण अक्का दारातूनच ओरडल्या, "अरे, कालच शिवलीय ती मी!"

"टेबलावरचा डबा रिकामा दिसतोय. यात काय भरलंस?"

"त्यातलीच पिसं. नुसती धूळ खात पडली होती."

काकांनी उशी पोटाशी धरली. पिसं काकूंची होती. काका मासे धरायला जात आणि त्यांच्या गळावर, माशांना आमिष म्हणून, पिसांची खोटी माशी काकू बांधत. पाण्याखाली बुडून पोहणारी, खऱ्या माशीलाही आपली बहीण वाटावी अशी! दोन महिन्यांपूर्वी काकू देवाघरी गेल्या आणि शेवटची माशी चिमट्यात अर्धी राहिली. अंग झालं होतं, पंख व्हायचे होते. एका पंखासाठी बदकाचं राखाडी पीस निवडून त्यांनी कागदावर ठेवलं होतं. जोडीचं निवडायचं राहून गेलं. तेवढी एक माशी पुरी करावी, एवढंच आता काकांच्या मनात होतं, आणि ते त्यांनी अक्कांना सांगितलं.

"मग घे की यातलं कुठलंही! पीस ते पीस."

"तसं नसतं गं. तिचं आहे उजव्या पंखातलं, जोडीला डाव्याच पंखातलं लागतं. दोन्ही एका बाजूची लावली तर माशी पाण्यात भोवऱ्यासारखी गरगरते. हे बघ, दांडीचा बाक कुठे वळतोय तो."

अक्कांनी नाक मुरडलं, पण बाह्या सरसावून बसल्या. उशी पालथी केली मात्र, खोलीभर पिसंच पिसं! अक्कांना शिंका सुटल्या, आणि दर शिंकेसरशी निवडलेली पिसं उडून न निवडलेल्यांत जाऊन बसू लागली. तासाभराने डावी हाती आली, ती सगळी मोडलेली.

"तरीच रात्रभर मानेला टोचत होतं," अक्का पुटपुटल्या.

शेवटी काका शेजारच्या बदकवाल्या बाईंकडे गेले.

"एकच पीस हवं होतं. डावीकडचं."

"माझी कुठे ना आहे? बदकाला विचारा."

बदकाने अंगणाला सात फेऱ्या घालायला लावल्या, अंगठ्याचा चावा घेतला, पण काका पीस घेऊन आले. अक्कांनी ते उजेडात धरलं.

"अरे शहाण्या, हे उजवंच!"

"असं कसं? डाव्या हातानं उपटलंय मी!"

"बदकाचं तोंड कुठे होतं?"

"माझ्याकडे. चावलं ना ते!"

"मग तुझं डावं ते त्याचं उजवं! चाळीस वर्षं लोकांचे सदरे बेतलेस ना रे तू?"

दुसऱ्या खेपेला अक्का स्वतः गेल्या. त्यांनी बदकाला समोरून बोलण्यात गुंतवलं, काकांनी मागून पीस काढलं.

खिडकीपाशी काकांनी दोन्ही पिसं एकमेकांना टेकवली. हात जोडावेत तशी बसली, बरं का! लांबी तीच, रंग तोच, बाकाला बाक भिडलेला. काकांनी दोरा उचलला. दोन वेढे, एक गाठ, की काकूंनी हाती घेतलेलं शेवटचं काम संपणार होतं. आयुष्यभर दोऱ्याशी खेळलेली बोटं गळापाशी येऊन थांबली.

"बांध ना," अक्का म्हणाल्या.

काकांनी दोरा खाली ठेवला. "अक्का, पुन्हा चुकलं गं माझं. हेही उजवंच दिसतंय."

अक्कांनी पिसांची जोडी हातात घेतली. बराच वेळ बाक निरखला. मग भावाकडे न बघताच म्हणाल्या,

"हो की रे! मेलं ते बदकच उलट्या पंखांचं. उद्या पुन्हा जाऊ."