उत्तर राहिलं

जिन्यात दुधाची पिशवी फुटली तर पुसायला किती वेळ लागावा? आमच्या इमारतीत पाऊण तास लागला. पहिल्या मजल्यावरचे रायकरभाऊजी दोन्ही हात पसरून पायरीवर उभे होते. "कोणी हात लावू नका! आधी रेखाटन, मग उचलायचं." त्यांनी पिशवीशेजारी फूटपट्टी ठेवली, मांडीवर कागद घेतला आणि मला विचारलं, "वहिनी, उत्तर कुठे?"

"कसलं उत्तर? तुम्ही प्रश्न कुठे विचारलात?"

"दिशा हो, उत्तर दिशा! बाणाशिवाय रेखाटन म्हणजे नुसती चित्रकला."

जिना पुसणारी, पेठकडची आमची हिराबाई फडकं घेऊन थांबली होती. "दादा, मुंग्या आल्या. त्याबी काढता का कागदावर?"

भाऊजींनी मुंग्याही काढल्या.

ईशा, नील, सुट्टीत आलात की तुम्ही ज्यांना 'बाणवाले आजोबा' म्हणायचात, ते हेच. पुरातत्त्वाच्या कचेरीत ते जन्मभर ड्राफ्ट्समन होते. जमिनीतून खापर निघालं की ते जागचं हलण्याआधी माप घ्यायचं, चित्र काढायचं, कोपऱ्यात उत्तरेचा बाण द्यायचा. निवृत्तीनंतर ते गंगापूर रोडला, आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. लग्न केलेलं नव्हतं. खापरं संपली, सवय राहिली.

आणि एक कादंबरी होती. दर गुरुवारी चारच्या चहाला ते वही घेऊन वर यायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवलेली, पण मराठीतल्या चुकाही मला बघवत नाहीत, म्हणून लाल पेन्सिल माझ्या हातात. गोष्ट अशी: उत्खननात यक्षीचं दगडी शिर सापडतं आणि चोरीला जातं. संशोधक रेवती आणि ड्राफ्ट्समन माधव चोरांच्या मागावर निघतात. बनावट मूर्ती, पाठलाग, मनमाड स्टेशनवर बदललेली खोकी. सातव्या वहीत शिर मिळालं, चोर पकडले गेले. मग विहिरीच्या काठावर उभी राहून रेवतीनं माधवला विचारलं, "माझ्याबरोबर येशील?"

तिथे कादंबरी जी अडली, ती चार वर्षं. दर गुरुवारी नवं प्रकरण यायचं. वारा सुटायचा, दूरवर जीप थांबायची, विहिरीत काहीतरी पडायचं. माधव तोंड उघडायचा नाही.

"अहो, बोलू द्या की त्याला! ती बिचारी कधीची उभी आहे. पाय दुखले असतील तिचे."

"घाई नको, वहिनी. सस्पेन्स आहे."

सस्पेन्स गोष्टीत कमी आणि भाऊजींच्या अंगात जास्त होता. त्यांची बेल वाजवली की आधी खिडकीचा पडदा बोटभर सरकायचा. आतून प्रश्न यायचा, "खाकी आहे का?" पोस्टमनला पाहून त्यांना घाम फुटायचा. रहस्यकथा लिहून माणूस असाच होत असेल, असं आम्ही समजत होतो आणि हसत होतो.

मग एका सकाळी त्याच पोस्टमननं कचेरीचं छापील पत्र आणलं. जुन्या उत्खननांची कागदपत्रं एकत्र करण्याचं काम सुरू आहे, माजी कर्मचाऱ्यांकडे काही राहिलं असल्यास आणून द्यावं, एवढाच मजकूर. भाऊजी ते घेऊन वर आले. बगलेत पत्र्याची लांब नळी होती.

"पकडला गेलो, वहिनी. ही तुमच्या कपाटात ठेवा. तुमच्यावर कोणाचा संशय जाणार नाही."

"आहे काय हिच्यात?"

"चोरीचा माल."

मी आधी दाराला कडी घातली. यक्षीचं शिर! इतक्या बारीक नळीत दगडाचं शिर मावत नाही, हे त्या क्षणी सुचलं नाही.

"माझ्या कपाटात न बघितलेली वस्तू जात नाही. उघडा."

आत पिवळा पडलेला एकच कागद होता. गिरणा नदीकाठच्या एका खड्ड्याचं रेखाटन, तळाशी तीन मडकी. कोपऱ्यात शाईनं काढलेला सुरेख बाण. बाणाशेजारी पेन्सिलीनं, तिरप्या बायकी अक्षरात दोन शब्द: उत्तर राहिलं.

"राहिलं कुठे? बाण तर आहे."

"तो मी नंतर काढला." भाऊजी खुर्चीच्या कडेवर बसले. "आमच्या उत्खननात एक बाई होत्या. खापरांची वर्गवारी करायच्या. सटाण्याच्या डॉक्टरांची मुलगी. एकदा चहा पिता पिता म्हणाल्या, आमच्या घरी येऊन बाबांना भेटाल का? मी म्हटलं, सांगतो. दुसऱ्या दिवशी हे रेखाटन त्यांच्याकडून परत आलं, त्यावर हे लिहून. मला इतकी लाज वाटली, वहिनी! बाण विसरलो! तासभर बसून काढला आणि पाठवून दिलं."

"आणि त्या?"

"शनिवारी काम सोडून घरी निघून गेल्या. त्यांनी कुठलं उत्तर मागितलं होतं, ते मला कळलं दोन वर्षांनी. त्यांच्या लग्नालाही वर्ष झालं होतं तेव्हा. मग मी हा कागद कचेरीतून उचलला."

मी हसले नाही. खरं सांगायचं तर आधी हसू आलं, पण ते दोन शब्द पुन्हा वाचले आणि ते गेलं.

कपाट मी दिलं नाही. दुसऱ्याची वस्तू परत करायची असते, हे तुम्हाला सांगत आले, त्यांनाही सांगितलं. आठवडाभर त्यांनी स्वतःजवळ ठेवायला ट्रेसिंग पेपरवर त्या रेखाटनाची नक्कल केली. तीन मडकी, खड्डा, बाण, सगळं. ते दोन शब्द सोडून.

"तेही घ्या की," मी म्हटलं.

"त्यांचं अक्षर मी कसं काढू?"

कचेरीत मीही बरोबर गेले. भाऊजी बगलेतली नळी सोडेनात, शेवटी झाकण मीच काढलं. टेबलापाशी एक तरुण बाई होत्या. त्यांनी रेखाटन उजेडात धरलं. "वा! हे कुठे होतं इतकी वर्षं?" कोणी पोलिसांना बोलावलं नाही. मग त्यांनी खोडरबर उचललं. "सर, हे पेन्सिलीचं खोडू का? बाण आहेच की."

भाऊजींनी जिन्यातल्यासारखे हात पसरले, पण आवाज अगदी खाली आला होता. "नको. ते राहू द्या. ते खरंच राहिलंय."

त्या गुरुवारी ते वही ठेवून चहा न घेताच खाली गेले. नव्या प्रकरणात वारा नव्हता, जीप नव्हती. एकच ओळ होती.

माधव म्हणाला, "येतो"

पूर्णविराम राहिला होता. मी लाल पेन्सिल उचलली, आणि परत ठेवून दिली.