झेंडेवाला

अक्षयने पुण्याहून पाठवलेला खेळ रामरावांच्या फोनवर उतरायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात त्यांनी एका ट्रकच्या ताडपत्रीला चोवीस पितळी रिंगा ठोकल्या. दिग्रसच्या कापूस बाजाराच्या फाटकासमोर त्यांचं ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं, आणि त्या फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की रामरावांचा पोरगा जहाजं बनवतो. कॉम्प्युटरवर बनवतो, खेळासाठी बनवतो, हेही रामराव सांगायचे; पण जरा खालच्या आवाजात.

"बाबा, तीनशे वर्षांपूर्वीची गलबतं आहेत," अक्षय म्हणाला होता. "सगळं इतिहासाला धरून. बाजारात आणायच्या आधी लोकांचं मत मागवतोय आम्ही. खाली पाच चांदण्या येतील, त्या दाबा. आणि हे एकदा संपलं की दिवाळीला येतोय मी. चांगला आठ दिवस."

दोन वर्षांनी येणार होता. इंदूबाईंनी ते ऐकलं आणि दिवाळीला तीन आठवडे असतानाच अनारशांचे तांदूळ भिजत घातले.

रामरावांनी पाच चांदण्या दाबून फोन खिशात टाकला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण चाळीस वर्षांत उलटून पाहिल्याशिवाय एक ताडपत्री त्यांनी गिऱ्हाइकाच्या हाती दिली नव्हती. त्यांनी चष्मा लावला, फोन शिलाई मशीनला टेकवून उभा केला. निळं पाणी, उंच डोलकाठ्या, वाऱ्यानं टम्म फुगलेली शिडं. त्यांची छाती भरून आली. मग नजर डोलकाठीच्या टोकावरच्या झेंड्यापर्यंत गेली आणि तिथंच अडकली.

"भावसिंग, इकडे ये बरं."

भावसिंग कापसाचा ट्रक चालवायचा आणि ताडपत्रीचं काम होईपर्यंत दुकानातल्या बाकावर झोप काढायचा. तो डोळे चोळत आला.

"पाह्य. वारा कोन्या बाजूनं हाये?"

"मांगून. ताडपत्री समोर फुगली ना."

"ते शीड हाये. बरं, मांगून. मंग झेंडा कोन्या बाजूले उडून राह्यला?"

भावसिंगनं मान वाकडी करून पाहिलं. "मांगंच."

"म्हंजे शिडाले मांगून वारा अन् झेंड्याले समोरून?"

"असं कसं जमन, रामभाऊ? माह्या ट्रकवरचा झेंडा उडते मांगं, पन मले इंजिन हाये. याले तं वाराच ढकलते." त्यानं फोनवर वाकून पाहिलं. "काहून, याच्या खाली इंजिन हाये का?"

"तीनशे वर्षांपह्यले?"

दोघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. पण भरल्या ट्रकवरची ताडपत्री वाऱ्यात सुटली की कुठं जाते, हे दोघांनी तिच्या मागे धावून शिकलेलं होतं.

रामरावांना वाईट वाटलं ते पोरासाठी. एवढं घोटून केलेलं जहाज, आणि कोण्या झेंडेवाल्यानं त्याची शोभा केली. लोक हसणार ते जहाजाला, आणि जहाज अक्षयचं.

पेपर वाचायला आलेल्या वामनराव गुरुजींना हे पटलं. त्यांची तीस वर्षं इतिहास शिकवण्यात गेली होती आणि समुद्राशी संबंध नकाशात निळा खडू फिरवण्यापुरता आला होता. ते म्हणाले, "तोंडी सांगून काही होत नसते, रामराव. अर्ज द्या लागते."

चांदण्यांच्या खाली मत लिहायची चौकट होती. गुरुजींनी तिथं विषयापासून सुरुवात केली. 'विषय: जहाजावरील झेंडा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फडकत असल्याबाबत. महोदय, जहाज बनवणाऱ्याचे काम उत्कृष्ट आहे. तथापि झेंडे लावणाऱ्या इसमास वाऱ्याचे प्राथमिक ज्ञान नसल्याचे दिसून येते. सदर इसमास योग्य ती समज द्यावी, ही विनंती.'

"चांदण्या किती द्याच्या?" रामरावांनी विचारलं.

"तक्रार हाये तं एकच. पाच देल्यावर कोन वाचन?"

अर्ज म्हटला की खाली सह्या आल्या. त्या फोनमध्ये कुठं करायच्या हे कळेना, म्हणून गुरुजींनी तो मजकूर बाजाराच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि भावसिंग सगळ्यांना सांगत फिरला, "रामभाऊच्या पोराचं काम हाये." दिग्रसच्या बाजारात एवढं पुरतं. संध्याकाळपर्यंत अडते, हमाल, काट्यावरचा माणूस आणि चहावाली हंसाबाई धरून सत्तावीस जणांनी खेळ उतरवून घेतला, एक चांदणी दाबली आणि विषयासकट तोच मजकूर चिकटवला. हंसाबाईंनी खाली स्वतःचं एक वाक्य घातलं: 'एवढ्या मोठ्या जहाजावर चूल कुठे आहे ते दिसत नाही.'

तीन दिवसांनी अक्षयचा फोन आला.

"बाबा, दिग्रसमध्ये काय चाललंय?"

"पोचला का अर्ज?" रामराव खुशीत होते. "तुह्या जहाजाले आम्ही कुठीच नाव नाई ठेवलं हां. त्या झेंडेवाल्याचं सांगतलं फक्त. काय केलं मंग त्याचं?"



"बाबा, जहाज मी नाही करत. त्याला वेगळी माणसं आहेत. माझ्याकडे कापड आहे. शिडं, आणि झेंडे."

रामरावांच्या हातातली हातोडी वरच राहिली. "तू तं म्हने जहाजावर काम करतो."

"झेंडे जहाजावरच असतात." आणि मग त्याची पुण्याची भाषा गळून पडली. "मले वाटलं, कापडाचं काम हाये म्हनून तुमाले आवडन. म्हनून तं पाठोलं."

चूक खरी होती, तोच घोटाळा झाला होता. खेळाच्या जाहिरातीतच 'इतिहासाशी तंतोतंत' असं लिहिलेलं, त्यामुळे साहेबांनी तक्रार मनावर घेतली होती. एकशे ऐंशी गलबतांचे झेंडे पुन्हा करायचे होते. दिवाळीचं पाहू, असं म्हणून अक्षयनं फोन ठेवला.

घरी इंदूबाईंनी विचारलं, "काय म्हने पोरगा?"

"झेंडेवाला आपलाच हाये," रामराव म्हणाले.

सगळं ऐकून घेतल्यावर इंदूबाई एवढंच बोलल्या, "दफ्तराचंबी असंच केलतं तुमी."

चौथीत असताना अक्षयनं ताडपत्रीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं दफ्तर शिवलं होतं, एकट्यानं, मशीनवर बसून. शिलाई वाकडी होती. तो खेळायला गेला तेवढ्यात रामरावांनी ती पार उसवली आणि सरळ घालून ठेवली. दफ्तर दहावीपर्यंत टिकलं. अक्षय मात्र पुन्हा मशीनवर बसला नाही. अभ्यास वाढला असेल, असं रामराव इतकी वर्षं धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी ते गुरुजींकडे गेले. "अर्ज मांगं घेता येते का?"

"मांगं नाई घेता येत. पन दुसरा देता येते."

दुसरा अर्ज गेला. 'विषय: जहाजावरील झेंडा योग्य दिशेने फडकत असल्याबाबत.' या वेळी भावसिंग जिनिंग कारखान्यापर्यंत फिरून आला, त्यामुळे एक्केचाळीस जणांनी पाच-पाच चांदण्या दिल्या. हंसाबाईंनीही दिल्या, आणि खाली लिहिलं: 'चूल अजून दिसत नाही.'

तीच माणसं, पुन्हा सगळ्यांचा एकच मजकूर आणि बरोबर उलटं मत. कंपनीला वाटलं, कुणीतरी पढवून मतं लिहून घेतंय. दिग्रसचा कोण आहे इथं, असं भर बैठकीत विचारलं गेलं. अक्षयला उभं राहून सांगावं लागलं की यादीतलं पहिलं नाव त्याच्या वडिलांचं आहे.

"बाबा," तो फोनवर म्हणाला, "आता कोणी काही लिहू नका. हात जोडतो."

दिवाळीला तो आला नाही. अनारशांचा डबा इंदूबाईंनी पुण्याच्या गाडीनं पाठवला. रामरावांनी डब्याला ताडपत्रीची पिशवी शिवून दिली. आत चिठ्ठी घालायची म्हणून ते कागद घेऊन बसले, पण त्यांना 'विषय' सोडून दुसरी सुरुवात सुचेना. कागद कोराच राहिला.

संक्रांतीनंतर खेळ बाजारात आला. रामरावांनी तो दुकानात बसून उतरवला. झेंडा आता पुढं, शिडांच्याच दिशेनं फडकत होता. काम बरोबर होतं. त्यांना मात्र काही वाटेना. थोडा वेळ ते नुसतेच कडेची बटणं दाबून पाहत राहिले आणि तिथं त्यांना झेंड्याचे दोन प्रकार सापडले: 'इतिहासाप्रमाणे' आणि 'जुना'. खाली लिहिलं होतं, नवा झेंडाच उलटा फडकतो अशा असंख्य तक्रारी आल्यामुळे जुन्याची सोय ठेवली आहे.

त्यांनी 'जुना' दाबलं.

खेळणारा जहाजाच्या मागे उभा असल्यासारखं दिसायचं, त्यामुळे हा जुना झेंडा त्याच्याच अंगावर येत होता. रामरावांनी दोन बोटांनी तो मोठा केला. कडेनं दुहेरी शिलाई होती. कोपरा आधी आत, मग तिरका मोडलेला, आणि वर पितळी रिंग. कोपरा असा मोडणारा माणूस दिग्रसमध्ये एकच होता. सगळं उलटून पाहणाऱ्या त्या माणसानं हे तेवढं पाहिलं नव्हतं.

बाकावरून भावसिंग डोकावला. "रामभाऊ, झेंडा तं मांगं उडून राह्यला अजून."

"उडू दे."

रामरावांनी पाच चांदण्या दाबल्या. फोनवर अक्षरं आली: 'परस्परविरोधी मते नोंदवल्यामुळे आपणास या खेळावर मत देता येणार नाही.' त्यांनी पुन्हा दाबल्या. पुन्हा तेच आलं. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि अक्षयला फोन लावला.

"बोला बाबा. आता काय चुकलं?"

चुकलेलं सांगायला रामरावांकडे चाळीस वर्षांचे शब्द होते. बाकीचे शोधायला वेळ लागला.

"कोपरा बरा मोडला तू," ते म्हणाले.

"दिसला तुमाले?"

"जुन्या झेंड्यावर दिसते."

"उलटा हाये तो, बाबा."

"असू दे."

फोन मात्र दोघांनाही ठेववत नव्हता. तिकडं कुणीतरी अक्षयला हाक मारली.

"जातो," तो म्हणाला. "होळीला यायचं काही सांगत नाही आताच. आईले सांगू नका." मग म्हणाला, "हंसाबाईले मात्र सांगा. चूल टाकून राह्यलो."