खूण सांगा आणि घेऊन जा

वस्तू हरवते ती माणसाच्या निष्काळजीपणामुळे आणि सापडते तीही निष्काळजीपणामुळेच. कारण काळजी घेणारा माणूस रस्त्यात पडलेलं काही उचलत नाही, बघून पुढे जातो. या दोन निष्काळजीपणांच्या मधोमध जे खातं उभं आहे, त्याला हरवले-सापडले कक्ष म्हणतात. तो मोठ्या बस स्थानकात जिन्याखाली आहे. कक्षात आजमितीस छत्र्या २१४, डाव्या पायाचे बूट १९, उजव्या पायाचे ६ (यावरून जनतेची चाल लक्षात यावी) आणि कवळ्या ११ एवढा ऐवज जमा आहे. पैकी एका कवळीवर दोघांनी हक्क सांगितला असून ती दोघांनाही बसते.

कक्षप्रमुखांना सगळे खूणकाका म्हणत. खिडकीशी कोणी आलं की ते एकच वाक्य बोलत, "खूण सांगा आणि घेऊन जा." नुसतं काळी छत्री म्हणून भागत नसे, कोणती काडी वाकडी तेही सांगावं लागे. एकदा सख्ख्या मेहुण्याला स्वतःचा डबा ओळखता आला नाही, तर काकांनी त्याला हात हलवत परत पाठवलं. (डब्यातलं जेवण काकांच्याच घरचं होतं. काकूंनी आठ दिवस अबोला धरला.)

एकतीस वर्षांत या माणसाच्या हातून एक टाचणीसुद्धा गहाळ झाली नव्हती. आता महिनाअखेरीस निवृत्ती होती आणि त्या दिवशी 'कार्यकाळात काहीही गहाळ झाले नाही' असं प्रमाणपत्र खात्याकडून मिळणार होतं. काकांना जगात दुसरं काही नको होतं. काकूंनी तर बैठकीच्या भिंतीवर आधीच खिळा ठोकून ठेवला होता.

अडचण एवढीच, की प्रमाणपत्राला जोडायची यादी कक्षाच्या संगणकावरच निघायची आणि संगणकाने मान टाकली होती. दहाला बटण दाबलं की तो साडेअकराला जागा व्हायचा, नोंदवही उघडेपर्यंत जेवणाची सुट्टी व्हायची आणि सुट्टीत तो पुन्हा झोपायचा. (हे वेळापत्रक कर्मचाऱ्यांशी इतकं जुळत होतं, की दोन वर्षं बिघाड कोणाच्या लक्षातच आला नाही.)

शेवटी दुरुस्तीवाली आली. तिने दोन टिचक्या मारून निदान केलं.

"काका, याच्यात आता राम नाही. क्लीन इन्स्टॉलेशन करावं लागेल. सगळं पुसायचं, डिस्क कोरी करायची, नवीन प्रणाली टाकायची. तासाभराचं काम."

"पुसलेलं कुठे जातं?"

"कुठे जाणार? नाहीसं होतं."

हा शब्द त्या कक्षात याआधी कोणी उच्चारला नव्हता. शेजारी बसलेल्या आवकबाईंचा कप बशीत वाजला. (बाई आलेल्या वस्तूंची आवक लिहितात.)

"अहो, नोंदवही मी काढून घेतलीय," दुरुस्तीवाली म्हणाली. "उरलेला नुसता कचरा आहे."

"कचरा आहे की नाही, ते मालक ठरवतो. आपण नाही."

नियम सात अगदी स्पष्ट आहे. बेवारस वस्तूच्या मालकाचा सूचना लावून शोध घ्यावा, आणि न मिळाल्यास वस्तू वर्षभर सांभाळावी. संगणकात अशा वस्तू ४१,३०६ निघाल्या. दुसऱ्या दिवसापासून फलकावर सूचना झळकू लागल्या. 'सापडले आहे: न्यू फोल्डर, एक. ठिकाण: पडद्याचा वरचा डावा कोपरा. आत आणखी एक न्यू फोल्डर, त्याच्या आत काही नाही.' किंवा, 'सापडले आहेत: फायनल, फायनल दोन, आता खरंच फायनल. भावंडं दिसतात. एकत्रच दिली जातील.'

आवकबाईंनी 'पडदे' नावाच्या फोल्डरवर हक्क सांगितला.

"माझंच आहे हो ते! तुमच्यासमोर तर डाउनलोड केलं!"

"आत चित्रं किती?"

"बारा."

निघाली तेरा. अर्ज फेटाळण्यात आला. (फेरविचाराचा अर्ज खूणकाकांकडेच करायचा असतो.) मग वरच्या मजल्यावरचे साहेब 'खाजगी' नावाच्या फोल्डरसाठी स्वतः खाली उतरले. रांगेतल्या नऊ प्रवाशांसमोर काकांनी विचारलं, आत काय काय आहे ते सांगा. साहेब म्हणाले, हे फोल्डर मी जन्मात पाहिलेलं नाही, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले. आठवडाअखेर दावे ६३ झाले, खूण पटली ती शून्य जणांची.

इकडे निवृत्ती नऊ दिवसांवर आली. पुसावं तर एकेचाळीस हजार वस्तू गहाळ केल्याचं पाप, न पुसावं तर यादी नाही आणि प्रमाणपत्रही नाही. काकांचं अन्नावरचं लक्ष उडालं. तेव्हा काकू कडाडल्या, "अहो, ते एकेकटे बूट पोत्यात भरून ठेवता ना? मग हेही भरा कशात तरी नि ठेवा फळीवर! मी किती दिवस नुसत्या खिळ्याकडे बघत बसू?"

तसंच झालं. सगळं एका वेगळ्या डिस्कमध्ये भरलं. (दुरुस्तीवाली म्हणाली, हे मी पहिल्याच दिवशी केलं असतं. पण पहिल्या दिवशी काकूंचा अभिप्राय प्राप्त झालेला नव्हता.) डिस्कला सुतळी बांधून, चिठ्ठी लावून ती कवळ्यांच्या शेजारी ठेवली. पडद्यावर प्रश्न आला, 'सर्व काही पुसले जाईल. खात्री आहे?' काकांनी वेळ लिहिली, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि बटण दाबलं. तासाभराने संगणक एकोणीस सेकंदांत जागा झाला. सगळा कक्ष हादरला, कारण इतक्या सकाळी काय काम करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

अखेरचा दिवस उजाडला. यादी छापली, प्रमाणपत्र आलं, काकांची सही तेवढी राहिली. खुर्ची आवकबाईंच्या ताब्यात देऊन काका पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे राहिले.

"बाई, त्या डिस्कमध्ये 'महत्त्वाचं' म्हणून एक फोल्डर आहे. माझं आहे. तेवढं द्या."

आवकबाईंनी चष्मा वर सरकवला. तो तेरावा पडदा त्या विसरल्या नव्हत्या.

"खूण सांगा, काका, आणि घेऊन जा."

काका खूण सांगायला खिडकीशी वाकले. अकरा वर्षं ते त्यात काही ना काही ठेवत आले होते, दर आठवड्याला, न चुकता. काय ठेवलं होतं? "थांबा हं, आठवेल," ते म्हणाले. मागे रांग वाढली. एकसुद्धा गोष्ट आठवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. मग या सच्च्या माणसाने प्रमाणपत्र पुढे ओढलं, 'काहीही' वर काट मारली, वर लिहिलं 'एक वस्तू वगळता काही', आणि खाली सही केली. खाडाखोड केलेलं प्रमाणपत्र नियमाने रद्द होतं. काकूंनी आता त्या खिळ्याला भाजीची पिशवी अडकवली आहे.

तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. मात्र कक्षाने अलीकडे आपली सेवा वाढवली असून, खिडकी दहा ते पाच उघडी असते. आवकबाई फार काही विचारत नाहीत. आपला फोन त्यांच्यासमोर पालथा ठेवायचा, आणि त्यातल्या नऊ-दहा हजार फोटोंपैकी कुठल्याही पन्नासांची खूण सांगायची. 'नंतर वाचू' म्हणून जे साठवलंय, त्यातलं एखादं सांगितलं तरी चालेल. नाही जमलं तरी घाबरू नका, वर्षभर जपून ठेवतात. कवळ्यांच्या खालची फळी त्यासाठीच रिकामी केली आहे.