तात्यांच्या घरातली वाहतूक

स्वतःच्या बैठकीच्या खोलीत भोंपू वाजवत फिरणारा माणूस अख्ख्या चिखलीत एकच, आमचे शेजारी तात्या. मी चहाला जाऊन खुर्चीत टेकलो रे टेकलो, की रिक्षाचा जुना भोंपू कानाशी आणून पों! "ओ राव, भर रस्त्यात बसलाय! कुणी उडवलं म्हंजे आमच्या नावानं बोंब!"

झालं होतं असं, की नव्या विकास आराखड्यात आमच्या गल्लीतून रस्ता निघाला. महापालिकेची माणसं आली आणि तात्यांच्या घरावर मधोमध लाल रेघ मारून गेली. बैठक अन् स्वयंपाकघर रस्त्यात, मागची खोली तेवढी घरात. गल्लीतल्या बाकीच्यांनी अर्ज केले, मोर्चा काढला, शिव्या घातल्या. तात्यांनी वाहतूक सुरू केली.

घरात डावीकडूनच चालायचं. उंबऱ्यात थांबून दोन्हीकडं बघायचं. एकदा मांजर उलट्या दिशेनं आलं म्हणून त्याला अर्धा तास कोपऱ्यात उभं केलं. आणि ते राहिलं उभं! मी डोळ्यांनी बघितलंय.

सगळ्यात जास्त भोंपू वाजे तो तात्यांच्या बायकोवर, म्हणजे काकींवर. काकींची नजर जाऊन बरीच वर्षं झाली, पण हाताच्या सवयीनं त्या घरात माझ्यापेक्षा जोरात फिरत. तात्या रोज एकेक वस्तू मागच्या खोलीत हलवत. आज माठ, परवा शेगडी. काकींचा हात जुन्या जागी गेला, की पों! "आगं, ट्रक आला! मागं सर!"

"म्हातारपणी याड लागलं जनू तुमास्नी," म्हणत काकी हसत.

शेवटी मी तात्यांना बाहेर नेऊन झापलं. "आंधळ्या माणसाची कसली थट्टा करता?"

तात्यांचा आवाज एकदम खाली आला. "तिला रेघ ठावं न्हाई. रस्ता पल्याडच्या आळीतनं जातोय, आसं सांगितलंय. खरं कळलं तर हाय खाईल. पर भिताड पडल्यावर ही सवयीनं हात टेकाया जाईल, अन् हाताखाली काय बी नसंल. त्याआदी तिला मागं वळवतोय."

मागच्या आठवड्यात ती माणसं परत आली. रस्ता आणखी रुंद होणार म्हणाली. नवी रेघ मागच्या खोलीच्याही पलीकडे पडली. मी आणि तात्या मागच्या अंगणात त्या रेघेकडं बघत उभे होतो.

तेवढ्यात काकी चहाचे कप घेऊन मागच्या दारात आल्या. चेहरा फुललेला. "बगा, आज येकदा बी चाचपलं न्हाई. समदं जितल्या तितं घावलं."

तात्यांनी कप घेतला. "व्हय," म्हणाले, "झ्याक जमलं." आणि चहा पार निवेपर्यंत कप तसाच हातात धरून बसले.