कुंडाचा निम्मा वाटा

श्रीजलदेवता समर्थ. शके सोळाशे एकोणसत्तर, प्रभवनाम संवत्सरे, श्रावणमासी सड्यावरील, म्हणजे उघड्या कातळमाळावरील, बेडकांचे राज्यी जे वर्तमान जाहले ते आम्ही, राज्यातील वडील बाई, अक्षर बेताचे परंतु डोळे धड, लिहितो.

पूर्वी राज्य एक होते. मग मधली खिंड कोरडी पडली आणि कातळ तव्यासारखा तापला आणि पलीकडील भाऊबंद पलीकडेच राहिले आणि पिढ्यांवर पिढ्या गेल्या, कोणाचे तोंड कोणास दिसले नाही. मग यंदा खिंडीस पाझर फुटला आणि पलीकडील सुभानजीराव फौजेनिशी आमचे पाण्याचे कुंडावर येऊन ठाकले आणि बोलिले, "कुंड वडिलोपार्जित. निम्मा वाटा द्या, नाहीतर लढा." आम्ही लढाईस नाही म्हटले, कारण लेकीसुनांची अंडी कुंडात तरंगत होती, लढाईने पाणी ढवळते तर अवघा वंश चिखलात जाता. मग गोताची सभा बसली आणि वडिलांचे चालीप्रमाणे दिव्य ठरले की, वाटा मागणाराने कुळाची साद घालावी. कुंडातून एका बेडकीने जरी उलट साद दिली, तरी तो भाऊबंद खरा आणि निम्मे कुंड त्याचे. सुभानजीराव धोंड्यावर चढले, गळा फुगविला आणि साद घातली. ती टिक्-टिक्, अडकित्त्याने सुपारी कातरावी तैसी! कुंडातून कोणी हूं की चूं केले नाही. धाकटी सून म्हणाली, "सासूबाई, हे गाणे की दात वाजणे?" आम्ही दटाविले, "गप. पाहुण्याचा घसा बसला असेल."

सुभानजी खवळले, "आम्ही लबाड नव्हे! आमचा आजा हेच गात होता." तेव्हा आमचे दीर निंबाजी म्हणाले, "आजा गात असेल. खापरपणजा गात नसेल. दर पिढीस सूर तसूभर सरकला, तुम्हांस कळला नाही." आमच्या मनात काही आले आणि आम्ही पुसले, "बाबा, तुम्ही अंडी कोठे घालता?"

"पानावर. तिकडे पाणी ठरत नाही. डबक्यात घालीत त्यांची पोरे वाळून गेली, पानावर घालीत त्यांची जगली. आता आमचे पोर अंड्यातून निघते ते चारी पायांनिशी."

"आणि कुंडात घातली तर?"

सुभानजी हळूच म्हणाले, "कुजतील."

"मग मेल्या, कुंड कशास हवे?"

"आजा सांगून गेला, निम्मे घ्या म्हणून."

तेव्हा सभा खदखदून हसली आणि सुभानजीही हसले आणि फौज झाडांवर चढली. निंबाजी पुसते जाहले, "पण वहिनी, हे वेगळे जाहले कोणत्या दिवशी?" आम्ही म्हटले, "भावजी, तुमची शेपटी कोणत्या घटकेस गळाली ते सांगा, मग हे सांगते." इकडे कुंड भरलेले, म्हणोन आम्ही होतो तैसेच राहिलो, तिकडे तहान पाठीशी, म्हणोन त्यांस बदलावयाची लगबग.

सारांश, एकाची दोन कुळे जाहली आणि भांडावयास काही उरले नाही. पाने त्यांची, पाणी आमचे. अंडी फुटली, पोरे शेपट्या हलवीत फिरतात. वरून टिक्-टिक् चालते. समजत काही नाही, परंतु जीव निर्धास्त आहे.