वेणीची लसूण

आमच्या शेजारच्या दाजीभटजींच्या घरात लसूण कुणी खात नाही. आणि चुलीवरच्या वाशाला लसणीच्या तेरा वेण्या टांगलेल्या! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उंबऱ्यातच थिजलो. सत्यनारायण सांगणारा हा माणूस, घरात विधवा लेक गोदी, आणि ही लसूण! अख्ख्या पोलादपुरात वाण्याकडेही एवढी नसेल. आळीनं वाळीत टाकायची धमकी दिली, तर म्हणाले, "टाका. आम्ही खात नाही, नुसती ठेवतो."

भात कापून झालं की परसात वाफे. घाटावरची पांढरी, आमची गावठी आणि उमरठची तांबडी. तांबडीचा नुसता वास डोळ्यांत पाणी आणी. पण भटजींनी ती दुसऱ्याच वर्षी बंद केली. का? तर पात ताठ, वाकत नाही! बियाणं घेतानाही गड्डा न बघता सुकी पात ओढून बघत. "कुडीत काय आहे? पात बघ, पात!" विकणारी म्हातारी एकदा ओरडलीच, "अवो भटजी, लसून खायाची हाय का नेसायची?"

धुरावर टांगलेली लसूण पावसाळाभर कुजत नाही. पण मागितली तर एक गड्डा मिळेल? नाव नको! "वेणी मोडायची नाही."

गेल्या आषाढात माझ्या पोटात वायू धरला. भटजी देवळात गेलेले, मागचं दार उघडं. मी आत शिरलो आणि एक गड्डा ओढला. अख्खी वेणी सुटून खाली सडा पडला, आणि दारात भटजी! आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली. वर बघतो तर साठीचा माणूस चक्क रडतोय! एका गड्ड्यासाठी? मी हादरलोच.

"तिला काय सांगू आता?" ते पुटपुटले.

तेवढ्यात आतून गोदी आली. चौदाव्या वर्षी विधवा होऊन परतली, तेव्हा तिचे कंबरेपर्यंतचे केस न्हाव्यानं उतरवले होते. तेव्हापासून ती कुणाशी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. डोक्यावरचं आलवण सारखं करून ती खाली बसली, पातींना पाण्याचा हात लावला आणि तीन पेड घेतले. बोटं भराभर चालू लागली. पात मऊ कशाला हवी, ते मला तेव्हा कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

"सैलच झाली होती, बाबा," ती म्हणाली. "पुन्हा घालते."

"घाल हो," भटजींनी डोळे पुसले. "कंबरेपर्यंत घाल."