सोनटक्क्यांचं दळण

सोनटक्के रिटायर झाले, तरी कँटीनचा बबन चहा देताना मला अजून चिडवतो, "कप घेऊ? चहा ओतू?"

सोनटक्के चहा असाच मागायचे. "कप घे. चहा ओत. साखर टाक. ढवळ. दे." बबन वैतागून म्हणायचा, "साहेब, चहा द्यायला येतो मला." मला शुगर, म्हणून माझ्या वेळी "साखर टाक" तेवढं गाळायचे.

चाकणच्या कंपनीत आमची टेबलं शेजारी. ऑपरेटरनं सोप्या भाषेत स्क्रिप्ट लिहायची आणि सोनटक्क्यांनी बनवलेल्या कंपायलर नावाच्या प्रोग्रॅमनं ती बारीक हुकमांत फोडायची. ते हुकूम पाळायचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे फक्त कॉम्प्युटरच्या आत असलेलं यंत्र. नव्या पोरांना ते समजावत, "मानलेला भाऊ असतो ना, तसं हे मानलेलं यंत्र. त्याला अख्खा दाणा पचत नाही राव, पीठ लागतं." म्हणून कंपाइल करणं म्हणजे दळण. साहेबानं काम कुठवर आलं विचारलं, की उत्तर ठरलेलं, "निम्मं जात्यात, निम्मं सुपात."

शिफ्ट सुटली की मात्र हा माणूस बसकडे पळत सुटायचा. ओव्हरटाइम नाही, पार्टी नाही. "वहिनींचा धाक जबर दिसतोय," आम्ही म्हणायचो. "तर काय," म्हणून हसायचे.

एकदा डबा विसरले. सुट्टीच्या दिवशी तो द्यायला मी चिखलीला त्यांच्या घरी गेलो. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. कंपनीच्या स्नेहसंमेलनात माझ्या ताटातली जिलेबी उचलून मलाच पथ्यावर भाषण देणारी बाई ही. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची वाचा गेली होती आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. सोनटक्के त्यांच्यापुढे उकिडवे बसून सांगत होते, "चमचा धर. उचल. तोंड उघड. शाब्बास."

"लांब वाक्य शिरत नाही तिच्या डोक्यात," ते मला म्हणाले. "दळून द्यावं लागतं. डॉक्टर म्हणतात, बोलेल पुन्हा. वाट बघतोय."

मला फार वाईट वाटलं.

मग ते उठून चहा करायला लागले. नादात पातेल्यात साखर टाकणार, तोच मागून आवाज आला. अडखळत, पण सलग.

"भाऊजींना साखर नको, शुगर आहे त्यांना."

सोनटक्के चमचा धरून तसेच उभे. "हे दळलेलं नाही हो," माझ्याकडे बघत पुटपुटले, "अख्खं आहे." डोळे भरून आले होते त्यांचे. वहिनींकडे वळून म्हणाले, "तोंड उघड. परत म्हण."

वहिनी म्हणाल्या, "आधी चहा बघा, उतू चाललाय."